धुराशिवाय महिषासुर

सर्वपित्री अमावास्या, संध्याकाळचे साडेसात. रक्कम पंधराशे रुपये. हजर मंडळाचा अध्यक्ष, सहा कार्यकर्ते, गल्लीतल्या दोन वहिनी आणि मी. जागा मारुतीच्या देवळाचा कट्टा. विषय एकच होता. सातव्या माळेला गल्लीतल्या मुलांचा वेशभूषेचा कार्यक्रम, त्यात धुराचं मशीन भाड्यानं आणायचं की नाही.

नवरात्रातले दिवस आम्ही माळांनी मोजतो. पहिली माळ, दुसरी माळ, असं. पाचव्या माळेला सगळं कोल्हापूर त्र्यंबोलीच्या टेकडीकडं लोटतं आणि अष्टमीला अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते, म्हणून मुलांच्या कार्यक्रमाला आमच्या मंडळानं सातवी माळ धरून ठेवली आहे. कुणी शेतकरी होतं, कुणी शिवाजी महाराज, कुणी डॉक्टर. शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. महिषासुर धुरातून बाहेर येतो आणि सगळे शिट्ट्या मारतात. बटण दाबलं की मांडव पांढराफेक होतो, एवढंच त्या मशीनचं काम. भाडं पंधराशे.

यंदा महिषासुर माझी मुलगी होणार होती. वय वर्षं आठ. तिला दमा आहे.

मागच्या वर्षी ती पोपट झाली होती. हिरवा झगा, लाल कागदाची चोच. तिचा नंबर यायच्या आधी कुणीतरी मशीन चालू आहे का बघायला बटण दाबलं. पोपटाला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. पंप दिला, तेवढ्यानं भागलं नाही. चोच, पंख सगळं तसंच घेऊन दवाखाना गाठला. तिथली सिस्टर आत ओरडून म्हणाली, "डॉक्टर, पोपट आलाय, धाप लागलीय." तेव्हा आम्हाला हसू आलं नव्हतं. आता येतं. पण त्या पोपटाला स्टेजवर चढताच आलं नाही, ही गोष्ट तिनं वर्षभर धरून ठेवली. संक्रांतीला विचारलं, उन्हाळ्यात विचारलं, गणपतीत विचारलं. "बाबा, या वर्षी मी चढणार ना?"

देवी का नको, असं तिला आईनं विचारलं होतं. ती म्हणाली, "देवीला नुसतं उभं राहायचं असतं. महिषासुराला पळायला मिळतं, ओरडायला मिळतं आणि शेवटी मरायला पण मिळतं." ज्या पोरीला दिवसातून दहा वेळा 'पळू नको, धाप लागेल' असं आम्हीच सांगत होतो, तिला दुसरं काय हवं असणार? तिच्या डॉक्टरांना विचारलं तर ते आम्हालाच म्हणाले, की औषध रोजचं रोज चालू आहे, पळू दे की तिला. धूर, धूप आणि गुलाल तेवढा लांब ठेवा. आणि पंप जवळ ठेवा.

तर मी कट्ट्यावर उभा राहून सांगितलं, मशीन नको.

अध्यक्ष मोबाइलच्या दुकानात बसतो. वय पंचवीस, आवाज डॉल्बीचा. तो म्हणाला, "काका, धूर न्हाय म्हणजे कसं वाटंल सांगू? गोठ्यातनं रेडा सुटून आल्यागत."

"मग बरोबरच वाटेल की. रेडाच आहे तो."

कार्यकर्ते हसले, पण अध्यक्ष काही हलला नाही. "असं करू. पोरगीला देवीच्या मागं उभी करू, चवरी घेऊन. धुरापास्नं लांब. एकदम सेफ. महिषासुर दुसरा बघू."

"तिला उभं राहायचं नाही, पळायचं आहे."

"अवो काका, पण एंट्री पडली तर? सगळी गल्ली बघायला बसलेली असती."

मी पतसंस्थेत काम करतो. तारणाशिवाय कुणी काही देत नाही, हे मला कळतं. मी म्हणालो, "एंट्री पडली तर पुढच्या वर्षीच्या मशीनचे पंधराशे मी देईन, आणि पुढच्या वर्षी या विषयावर तोंडही उघडणार नाही. एंट्री चालली तर मशीन कायमचं बंद. माझ्या एकट्याच्या पोरीसाठी नाही, लहान पोरं सगळ्यांचीच आहेत."

अध्यक्ष विचारात पडला. तेवढ्यात एक वहिनी म्हणाल्या, "ऐका की जरा त्यांचं. पावणं हायत व्हय ते? गल्लीतलंच हायत." दुसऱ्या म्हणाल्या, "माझं बी धाकटं त्या धुरात दरवर्षी रडतंय. कुणाला सांगायचं?" झालं. मशीन रद्द, पैज पक्की.

घरी येऊन सांगितलं तर मुलगी पलंगावरून उडी मारून ओरडली. महिषासुराची ओरड म्हणे. शेजारच्यांनी भिंत वाजवली.

बायको म्हणाली, "धूर काढलात, पण एंट्रीला काय लावणार?"

मी म्हणालो, "बघू."

खरं तर माझ्याकडं काहीच नव्हतं.

पुढचे सहा दिवस मी गल्लीत थोडा नकोसा झालो. मुलांच्या तयारीची जबाबदारी अध्यक्षानं माझ्याच गळ्यात घातली होती. "एवढी काळजी हाय तर तुम्हीच बघा." मग मी बघितलं. मांडवातल्या समया मागं नेल्या, कारण एका कृष्णाचा शेला नायलॉनचा होता आणि जमिनीवर लोळत होता. त्याचा मुकुट डोळ्यांवर येत होता, तो मागून टाचून घेतला. गुलालाऐवजी झेंडूच्या पाकळ्या सांगितल्या. शिवाजी महाराजांच्या मिशा ज्या डिंकानं चिकटवायच्या होत्या, त्याचा ठिपका आदल्या दिवशी हातावर लावून बघायला लावला. तसाच रंगाचाही. रोज संध्याकाळी एकेक पोरगं बाही वर करून माझ्यासमोर उभं राहायचं आणि मी कोपराच्या आत ठिपका लावायचो. गल्लीत मला 'लसवाले काका' म्हणायला लागले. माझ्याच मुलीच्या हातावर काळ्या रंगाचा ठिपका तासाभरात लाल झाला. तो डबा परत केला आणि बायकोनं घरी तुपाच्या दिव्यावर काजळ धरलं. तेही मुलगी शाळेत असताना, गच्चीवर.

देवी दोन घरं सोडून राहते. वय बारा, उंच, आवाज खणखणीत. तिच्यासाठी पत्र्याचा त्रिशूळ आला होता. मी तो बदलून गादीच्या फोमचा करून घेतला. तिनं तो हातात घेऊन वाकवला आणि माझ्याकडं बघितलं.

"काका, ह्यानं महिषासुर मरायचा न्हाय. गुदगुल्या होतील त्याला."

"हळूच टेकव. मरायचं काम तिचं आहे."

"मरंल की. लई तयारी केलीय तिनं."

तयारी खरोखरच जोरात होती. आमच्याकडं संध्याकाळी कोपऱ्यावर गवळी म्हैस घेऊन येतो. लोक रांगेत थांबतात आणि तो समोरच पिळून पेला भरून देतो. मुलगी रोज अर्धा तास त्या म्हशीसमोर उभी राहायची. म्हैस मान कशी वळवते, नाकातून फुस्स कसं करते, पाय कसा आपटते. गवळ्यानं विचारलं, "काय बघायलीस गं एवढं?" ती म्हणाली, "मला रेडा व्हायचंय." तो म्हणाला, "मग हिला काय बघतीस? ही गरीब हाय. रेडा बघायचा तर माझ्या पावण्याकडं राधानगरीला चल, तिथं हाय एक. नुसतं बघितलं तरी माणूस झाडावर चढतंय." तरी ती त्याच म्हशीवर खूश होती.

शिंगं बायकोनं केली. जुन्या काळ्या चादरीचं कापड, आत वर्तमानपत्राचे बोळे, आणि सगळं केसांच्या पट्ट्यावर शिवलेलं. हनुवटीखालून बांधायला तिनं इलॅस्टिक लावलं होतं. ते मी कापून टाकलं. गळ्याजवळ काही घट्ट नको.

"निसटतील," बायको म्हणाली.

"पिना लावू."

"नाचताना पिना राहत्यात व्हय?" तिचं माहेर कुरुंदवाडचं. चिडली की तिकडची बोली बाहेर येते. पण मी ऐकलं नाही.

आणखी एक गोष्ट केली. कार्यक्रमानंतर मुलांना आहे त्या वेशात चौकापर्यंत फेरी काढायची असते आणि चौकात रात्री दुचाक्या सुसाट येतात. काळं कापड घातलेला महिषासुर कुणाला दिसणार? नंबरप्लेटच्या दुकानात गेलो. उसाच्या ट्रॉलीला मागं जे चमकणारं रेडियम चिकटवतात, त्याचे पट्टे मागितले. दुकानदारानं विचारलं, "ट्रॉली कुठली?" म्हटलं, ट्रॉली नाही, मुलगी आहे. तो खळखळून हसला आणि उरलेल्या तुकड्यांतून शिंगांच्या मापाच्या बारीक पट्ट्या आणि पाठीवर लावायला म्हशीचं एक तोंड कापून दिलं. पिवळं, डोळे लाल. दिवसा ते इतकं मळकट दिसायचं की मुलीनं नाक मुरडलं. मी म्हटलं, शोभेसाठी नाही, रस्त्यासाठी आहे.

शेवटचं काम खुणेचं. मी मांडवाच्या डाव्या बाजूला पंप घेऊन उभा राहणार. तिला धाप लागली आणि बोलता आलं नाही, तर दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. मी लगेच येणार. आम्ही चार वेळा घोकलं. "दोन्ही हात डोक्यावर म्हणजे काय?" "बाबा, ये." मात्र एक केलं नाही. त्यांच्या युद्धाची तालीम मी पूर्ण बघितली नाही. त्या वेळी मी इतरांचे ठिपके तपासत होतो.

सातवी माळ. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे निघण्याआधी पंप दिला. आईनं काजळानं चेहरा रंगवला, नाकात पितळी कडी अडकवल्यासारखी पिवळी रेघ काढली, शिंगांना सहा पिना लावल्या. मुलीनं आरशात बघून फुस्स केलं आणि आरशावर वाफ धरली. मी ती वाफ बघत राहिलो. छाती मोकळी होती.

मांडव भरला होता. शेतकरी आला, डॉक्टर आली, शिवाजी महाराज मिशीवर बोट ठेवून आले, कारण डिंक मी कमी लावायला सांगितला होता. एक झाडू घेतलेला स्वच्छतादूत स्टेजवरचा कचरा खरंच गोळा करून गेला. मग देवी येऊन उभी राहिली आणि अध्यक्षानं माइकवर सांगितलं, "आता येतोय महिषासुर!" ठरल्याप्रमाणे दिवे गेले. दरवर्षी इथं धूर यायचा. यंदा नुसता काळोख.

एक क्षण काहीच झालं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मशीन बिघडलं काय?" मला माझे पंधराशे जाताना दिसले. पण पैशाचं जाऊ दे. अंधारात उभी असलेली माझी पोरगी आणि तिच्यासमोर गप्प बसलेली गल्ली, हे मला सहन होईना.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या वहिनींनी व्हिडिओ घ्यायला मोबाइलचा उजेड लावला.

काळोखातून दोन शिंगं पेटली. नुसती शिंगं. बाकी काही नाही. चेहरा काजळात, अंग काळ्या कापडात, आणि वर दोन पिवळ्याधमक वाकड्या रेघा, हळूहळू डावीकडून उजवीकडं वळणाऱ्या, अगदी कोपऱ्यावरच्या म्हशीसारख्या. मग ती गर्रकन फिरली आणि पाठीवरचं लाल डोळ्यांचं तोंड सगळ्या मांडवाकडं बघायला लागलं. लहान पोरं किंचाळली. एकानं टॉर्च लावला, मग दुसऱ्यानं, मग ज्याच्या त्याच्या हातात उजेड. जेवढे टॉर्च वाढतील तेवढा महिषासुर पेटत गेला. शिट्ट्या सुरू झाल्या. अध्यक्ष माइक तोंडाला तसाच धरून ओरडला, "धूर न्हाय, नुसता जाळ!"

दिवे आले आणि युद्ध सुरू झालं. ती पळाली. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदा, दोनदा, चारदा. पाय आपटले. फुस्स केलं. मी तिच्या खांद्यांकडं बघत होतो, ते वर ओढले जातात का. नव्हते जात. पाचव्या फेरीला देवीनं त्रिशूळ उचलला. महिषासुर वळला आणि एकदम थांबला. आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात की मी पायऱ्या घेतल्याच नाहीत, थेट बाजूनं चढलो. एका हातात पंप, दुसऱ्या हातात त्याला लावायची प्लॅस्टिकची नळी. देवीचा त्रिशूळ माझ्या पाठीत आला. फोमचा होता ते बरं. मी मुलीसमोर गुडघ्यावर बसून नळी तिच्या तोंडाला लावायला गेलो, तर तिनं तोंड फिरवलं आणि दात चावून म्हणाली, "बाबा, शिंग निसटायलंय! मला काय झालं न्हाय. जा की तू!"

पिना निघाल्या होत्या. डावं शिंग कानावर आलं होतं. ती ते धरून उभी होती.

मग मागून एक आवाज आला, "ह्यो कोण आता?"

आणि दुसरा, "महिषासुराचा बाप हाय की! पोराला सोडवायला आलाय!"

अख्खी गल्ली हसत सुटली. मला उठावं की बसून राहावं कळेना. बारा वर्षांच्या देवीला मात्र सगळं कळत होतं. तिनं त्रिशूळ माझ्यावर रोखला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, बाजूला व्हा. नाहीतर दोघांना बी मारावं लागंल."

मी हात जोडले. त्यावरही टाळ्या पडल्या. मुलीनं डावं शिंग उपटून हातात घेतलं, तलवारीसारखं, आणि एका शिंगाचा महिषासुर पुन्हा धावून गेला. तिचं मरण तर इतकं लांबलं की देवी कंबरेवर हात ठेवून थांबली. आधी गुडघे, मग फुस्स, मग एक पाय, मग उठून पुन्हा एकदा फुस्स. शेवटी देवीच म्हणाली, "मर की आता!" तेव्हा कुठं ती मेली.

मी स्टेजच्या कडेला, हातात न वापरलेला पंप धरून उभा होतो. ती आडवी पडली होती आणि तिचं पोट वरखाली होत होतं. पळून आलेल्या कुठल्याही पोराचं होतं तसंच. शिट्टीसारखा आवाज नाही, खोकला नाही. झेंडूच्या पाकळ्या तिच्या नाकावर पडल्या आणि मेलेला महिषासुर शिंकला. एकदाच.

फेरी झाली. चौकातल्या दुचाक्यांचे दिवे लांबूनच तिच्या पाठीवर पडले आणि गाड्या हळू झाल्या. एक जण तर थांबून फोटो काढून गेला.

परत आल्यावर कट्ट्यावर निकाल लागला. अध्यक्ष म्हणाला, "काका, एंट्री चालली. मशीन कायमचं बंद. शब्द म्हणजे शब्द. तुमचं पंधराशे वाचलं." मी मान हलवली. "पण," तो पुढं म्हणाला, "परवानगी न घेता स्टेजवर चढल्याबद्दल दंड हाय. मंडळाचा नियम."

"असा नियम कधी केला?"

"आत्ताच. सगळी हजर हायत, विचारा."

मुलीनं सगळ्यात आधी हात वर केला. तिचं म्हणणं होतं की मी तिचं मरण बिघडवलं, म्हणून दंड जबर हवा. काय हवा, असं अध्यक्षानं विचारलं. ती म्हणाली, "सगळ्यांना दूध. त्या म्हशीचं."

आठव्या माळेला संध्याकाळी मी घरचं मोठं पातेलं घेऊन कोपऱ्यावर गेलो. लहानपणी मी त्याच कोपऱ्यावर कच्चं, फेसाळ दूध उभ्यानं प्यायलो आहे, पण मुलांना उकळूनच द्यायचं असं बायकोनं आणि मी ठरवलं होतं. गवळी म्हणाला, "उकळून? मग माझ्या म्हशीला काय वाटंल?" म्हटलं, तिची समजूत तुम्ही काढा. मुलगी म्हशीच्या कपाळावर हात फिरवत होती आणि कालचं सगळं युद्ध तिला सांगत होती, फुस्स धरून. गवळी मापानं ओतता ओतता ऐकत होता.

सहा लिटर झालं. ऐंशीच्या भावानं चारशे ऐंशी. मी पाचशेची नोट दिली. त्यानं चाळीस परत दिले. मी म्हटलं, वीस द्यायचे, तुम्ही चाळीस दिलेत. तो म्हणाला, "एक पेला महिषासुराचा. त्याचं पैसं म्हशीनं सोडलं."

चारशे साठ रुपये, कोपऱ्यावरच्या गवळ्याला. पोचले.